साळिंदराचे जावई

जावईबापू साळिंदराच्या पिंजऱ्यात शिरताना चपला बाहेर काढायचे.

प्राणिसंग्रहालयातला माझा तो पहिला दिवस होता. मला वाटलं, चपलांना घाण लागू नये म्हणून काढत असतील. पण शेजारी माकडांचा पिंजरा होता. तिथे घाण जास्त, आणि तिथे ते चपलांसकट गेले. वर एका माकडाला म्हणाले, "काय रे ऐतखाऊ, आज कुणाचं डोकं खाल्लंस?"

साळिंदराशी ते असं बोलत नव्हते. साळिंदराशी ते बोलतच नव्हते. खाली मान घालून रताळी आणि भोपळ्याच्या फोडी मांडायचे. दोन्ही हातांनी, पाहुण्याला वाढावं तशा. मग पाठ न दाखवता मागे मागे सरकत बाहेर यायचे. एकदा दाराची कडी कमरेत बसली. कळवळले, पण वळले नाहीत.

घुबडाचं आणखी निराळं. त्याच्याकडे ते बघतही नसत. भिंतीकडे तोंड करून, एका अंगाने आत. मांस ठेवायचं. तसंच एका अंगाने बाहेर.

मी थक्क झाले. नुकतीच साहित्यात एम.ए. झाले होते. मुक्या जिवांविषयीचा आदर मी पुस्तकांत पुष्कळ वाचला होता, परीक्षेत लिहिलाही होता. रबरी चपला काढून उभा राहिलेला आदर मी पहिल्यांदा बघत होते.

"हे असं का करतात?" मी फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं.

"कोण, जावईबापू? ते तसलेच आहेत," पहारेकरी म्हणाला. "तुला कळलं तर मलाही सांग, एमए."

माझं नाव त्या दिवसापासून एमए पडलं.

जावईबापूंचं नाव कसं पडलं, तेही त्याने सांगितलं. फार पूर्वी, डोंगरातून नोकरी मागायला आले तेव्हा, तेव्हाच्या साहेबांनी विचारलं, "कोण तुम्ही?"

"जावई."

"कुणाचे?"

त्यावर ते गप्प. साहेबांनी पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प. शेवटी साहेब त्यांना बाहेर घेऊन गेले आणि समोरच्या पिंजऱ्याकडे बोट करून म्हणाले, "बरं, हा प्राणी कोणता ते तरी सांगा." पिंजऱ्यात साळिंदर होतं. जावईबापूंनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर ओढला आणि दोन पावलं मागे सरकले. साहेबांना वाटलं, माणूस भाविक आहे. लगेच नोकरीवर घेतलं.

हजेरीपटावर त्यांचं दुसरंच नाव होतं. ते शाळेतल्या मास्तरांनी ठेवलेलं. त्या नावाने हाक मारली तर ते स्वतःच इकडेतिकडे बघायचे, कोणाला बोलावतायत म्हणून.

आमचं संग्रहालय लहान. टेकडीच्या उतारावर पिंजरे, खाली तळं, तळ्याच्या काठाने फळझाडं, आणि वर कार्यालय. कार्यालयाला साळिंदराचा वास, आणि साळिंदराला कार्यालयातल्या चहाचा. आताचे साहेब जनावरांचे डॉक्टर होते. माणसांशी बोलतानाही ते आधी डोळे आणि जीभ बघतात असं वाटायचं.

त्यांनी मला काम समजावून सांगितलं. प्रत्येक पिंजऱ्याला आणि प्रत्येक फळझाडाला एक डबी लावायची. डबीला बटण. दाबलं की आधी आपल्या भाषेतलं नाव ऐकू येईल, मग डोंगरातल्या लोकांच्या भाषेतलं.

"प्राणी त्यांच्याकडचे, झाडं त्यांच्याकडची," साहेब म्हणाले. "निदान नाव तरी त्यांचं ऐकू येऊ दे. आपल्या भाषेतली नावं तू म्हण. त्यांची जावईबापू म्हणतील. महिनाअखेर ते निवृत्त होतायत. त्याआधी उरका."

ध्वनिमुद्रण आम्ही चाऱ्याच्या गोदामात करायचं ठरवलं. गवताच्या पेंढ्या आवाज घुमू देत नाहीत. जावईबापू इस्त्रीचा सदरा घालून आले. केसांना तेल. एका पेंढीवर ताठ बसले. ध्वनिमुद्रण आवाजाचं असतं, फोटोचं नाही, असं मी म्हणाले.

"आवाजाला कळतं," ते म्हणाले.

मग त्यांनी मला विचारलं, "पोरी, मी गेल्यावर हा आवाज राहील ना?"

"राहील."

"किती दिवस?"

"बॅटरी बदलत राहिलो तर कायम."

त्यांनी मान हलवली. जरा वेळाने म्हणाले, "मग मला जाता येईल."

कुठे जायचं, ते मी विचारलं. तेव्हा कळलं की घरी काकू, म्हणजे त्यांची बायको, त्यांच्याशी बोलत नव्हत्या. निवृत्त झालं की गावी परत जायचं, असं दोघांचं ठरलेलं. घराचं छप्परसुद्धा शाकारून झालं होतं. आणि जावईबापूंनी काकूंना न विचारता साहेबांना सांगून टाकलं होतं की मी निवृत्तीनंतरही येत जाईन, पगार नको. साहेबांनी ते कौतुकाने पहारेकऱ्याला सांगितलं. पहारेकऱ्याने तितक्याच कौतुकाने काकूंना सांगितलं.

"तिला वाटतं, मला गाव नको," जावईबापू म्हणाले. "गाव हवंय गं. पण ही जनावरं माझ्या हाकेवर उठतात. उद्या त्यांना आमच्या बोलीत हाक मारणारं कोण आहे इथे? हा आवाज राहिला की मी मोकळा. चल, लाव यंत्र."

मी यंत्र लावलं.

"कोल्हा," मी म्हणाले.

त्यांनी एक शब्द उच्चारला. छोटा, ओला, जिभेवरून घसरणारा.

"पाणमांजर."

आणखी एक शब्द.

"माकड."

हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला. दुसऱ्यांदा दात खाऊन.

"साळिंदर."

इथे ते थांबले. दाराकडे बघितलं. पेंढीवरून उठले, उभे राहिले, आणि हात जोडून एक अख्खं वाक्य बोलले.

"हे सगळं साळिंदराचं नाव?"

"हो."

"अर्थ काय?"

"अर्थ..." ते घाम पुसत म्हणाले, "‘ज्यांना टेकून बसता येत नाही’ असा."

माझ्या अंगावर काटा आला. पुढे कासव आलं. ‘ज्यांना घरी पोचायची घाई नाही.’ घुबड आलं. ‘ज्यांची रात्रपाळी आहे.’ चिंच म्हणजे ‘बघताच तोंड फिरवणाऱ्या’. फणसाचं नाव तर इतकं लांब होतं की मध्ये त्यांना श्वास घ्यावा लागला. ‘बाहेरून भांडकुदळ, आतून गोड, पण हाताला चिकटले की सुटत नाहीत ते.’

सगळं आदरार्थी. फणससुद्धा.

मी ती दुपार तरंगत काढली. साहेबांसाठी एक टिपण लिहिलं. त्यात लिहिलं की ही भाषा मुळातच काव्यात्म असून तिच्यात वस्तूला नाव नसते, दर्शन असते. साहेबांनी ते उभ्या उभ्या वाचलं.

"फणसाला एवढं लांब?" ते म्हणाले. "म्हणेपर्यंत पिकायचा की."

पण डब्या लागल्या. पुढच्या रविवारी त्या लोकांसाठी सुरू व्हायच्या होत्या.

त्याआधीच्या बुधवारी काकू डबा घेऊन आल्या. अबोला असला तरी डबा चुकत नव्हता. मी आणि जावईबापू फाटकापाशीच उभे होतो. खांद्याला खांदा लावून.

"एमए, त्यांना सांग, डबा आणलाय," काकू म्हणाल्या.

"तिला सांग, दिसला," जावईबापू म्हणाले.

"त्यांना सांग, भाजीत मीठ कमी आहे. मुद्दाम."

"तिला सांग, कालही कमीच होतं."

"त्यांना सांग, काल चुकून होतं."

मी एकदाही तोंड उघडलं नाही. तरी मला दम लागला.

काकू परत निघाल्या, तर मी म्हणाले, "काकू, आलाच आहात तर काकांचा आवाज ऐकून जा." जावईबापूंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांचं काहीतरी चोरलंय. मला कळलं नाही. मी काकूंना साळिंदरापाशी नेलं आणि बटण दाबलं.

"साळिंदर," माझा आवाज म्हणाला. मग जावईबापूंचा आवाज ते लांबलचक म्हणाला.

काकूंनी डबीकडे बघितलं. पुन्हा बटण दाबलं. मग पायरीवर बसल्या आणि पोट धरून हसायला लागल्या.

"अगं बाई, हे नाव नाही!" त्या म्हणाल्या. "हे आमच्या घरातलं बोलणं आहे!"

मग त्यांनी मला सांगितलं, आणि मला जावईबापूंच्या चपला समजल्या.

त्यांच्या लोकांत मूल जन्मलं की त्याला रानातल्याच कुणाचं तरी नाव देतात. एखाद्या फळाचं, एखाद्या जनावराचं. तिथवर सोपं आहे. पण लग्न झालं की नवऱ्याने बायकोकडच्या वडीलधाऱ्यांचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, आणि बायकोने नवऱ्याकडच्यांचं. नवऱ्याचं तर नाहीच नाही. आणि नाव म्हणजे तो शब्दच. माणसासाठी नाही आणि जनावरासाठीही नाही. सासऱ्याचं नाव साळिंदर, तर साळिंदर समोर आलं तरी ‘ते टेकून न बसणारे आले’ असं म्हणायचं आणि बाजूला व्हायचं.

"माझे वडील ते," काकूंनी साळिंदराकडे मान वळवली. "घुबड माझी आई. कासव धाकटे काका. आमचं घर फार मोठं हो. यांनी लग्न केलं आणि यांची अर्धी भाषा गेली."

"आणि माकड?"

"तो माझा धाकटा भाऊ. धाकट्याला चालतं. त्याला कितीही शिव्या देता येतात. सगळ्यांचा राग त्याच्यावरच निघतो बिचाऱ्याच्या."

आम्ही पुढे गेलो. कोल्ह्यापाशी आल्यावर काकूंनी झटकन मान खाली घातली आणि पावलं उचलली.

"तिथलं बटण दाबू नकोस," त्या पुटपुटल्या. "आमचे सासरे आहेत."

फणसाच्या झाडापाशी मात्र त्यांनी स्वतः बटण दाबलं. ऐकलं. हसू गेलं. ताडताड चालत फाटकापाशी आल्या आणि माझ्या डोक्यावरून बोलल्या.

"एमए, त्यांना विचार, माझ्या थोरल्या काकांना घरात ‘दारातले मोठे’ म्हणतात, ते इथे ‘चिकट’ कधीपासून झाले?"

"तिला सांग," जावईबापू डब्याकडे बघत म्हणाले, "लग्नापासून."

गोष्ट साहेबांपर्यंत जायला पहारेकरी पुरेसा होता. साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"म्हणजे मी सरकारी खर्चाने तुमच्या सासुरवाडीची टिंगल लावली," साहेब म्हणाले. "एमए, तुझं ते दर्शन कुठे गेलं?"

मी जमिनीकडे बघितलं. जावईबापू माझ्या आधीपासून बघत होते.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी कपाटातून एका प्राध्यापकांनी केलेला जाडजूड शब्दसंग्रह काढला. "शनिवार दुपारपर्यंत खरी नावं द्या. नाही जमलं तर रेडिओवरच्या निवेदिका बाई येतील आणि यातलं बघून वाचतील. त्यांचा आवाज गोड आहे."

बाहेर आल्यावर जावईबापूंनी कोल्ह्याच्या पिंजऱ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "गोड आवाजाने कोल्हा उठत नाही."

"मग म्हणून टाका ना काका. कोण ऐकणार आहे?"

"डबी काय एकदा म्हणते का पोरी? रविवारी शाळेची पोरं येतात. बटण सोडत नाहीत. दिवसभर मी सासऱ्याचं नाव घेत बसणार. वर जाऊन तोंड कसं दाखवू?"

"मी म्हणू?" मी शब्दसंग्रह उघडला. "झुरपो."

त्यांनी दोन्ही कान झाकले. मग एक हात काढून म्हणाले, "हे नाव नाही. ही शिंक आहे. आत्ता ते इथे असते तर त्यांनी रुमाल पुढे केला असता."

गुरुवारी ते माझ्याकडे आले. डोळे चमकत होते.

"ते यंत्र आवाजाचे तुकडे जोडतं ना?"

"जोडतं."

"मी आज नुसतं ‘झुर’ म्हटलं. त्याने कुणाचं नाव होतं का?"

"नाही."

"आणि उद्या आंघोळ करून, कपडे बदलून, नुसतं उरलेलं अर्धं म्हटलं?"

"नाही."

"मग तू जोडलंस. आता नाव कोणी घेतलं?"

मी विचार केला. एम.ए.ला दोन वर्षं मी याहून सोपे प्रश्न सोडवले होते.

"कॉम्प्युटरने," मी म्हणाले.

"त्याला सासुरवाडी आहे?"

"नाही."

"सुखी आहे," जावईबापू म्हणाले आणि ‘झुर’ म्हणून मोकळे झाले.

त्या दिवशी आम्ही पुढचे अर्धे उरकले. घुबडाचा पुढचा अर्धा, कासवाचा पुढचा अर्धा, चिंचेचा, फणसाचा. शुक्रवारी मागचे अर्धे. मधल्या वेळात ते कामापुरतंही कुणाशी बोलले नाहीत. चुकून कुठल्या बोलण्यात ‘पो’ आला तर पंचाईत. पहारेकऱ्याने "पोळ्या आणल्यात का?" विचारलं तर नुसती मान हलवली.

मी तुकडे जोडले. काही केल्या ते नीट जुळेनात. गुरुवारी त्यांना सर्दी होती, शुक्रवारी नव्हती. गुरुवारी ते भीत बोलले होते आणि शुक्रवारी खुशीत. ‘झुर’ तळ्याच्या एका काठावरून कुणीतरी कण्हल्यासारखं यायचं, आणि ‘पो’ दुसऱ्या काठावरून कुणीतरी टाळी दिल्यासारखं. पण नाव होतं. मी ते डबीत भरलं.

शनिवारी सकाळी काकू डबा घेऊन आल्या. त्या दिवशी आम्ही त्यांना बोलावलं नव्हतं. त्याच सरळ साळिंदरापाशी गेल्या. खोड काढायचीच असावी. बटण दाबलं.

"झुर," डबी कण्हली. "पो!" डबीने टाळी दिली.

काकूंच्या हातातला डबा खाली पडला. जावईबापू समोरच भोपळा चिरत होते. काकू पहिल्यांदा माझ्या डोक्यावरून न बोलता थेट त्यांच्याकडे वळल्या.

"माझ्या बापाचे तुकडे केलेत?"

"जोडलेत की परत," जावईबापू उठून उभे राहिले.

"शिवण दिसतेय!"

"जवळून दिसते. लांबून ऐकलं तर..."

"आणि आई? आईचेही केलेत?"

जावईबापूंनी भोपळ्याकडे बघितलं. काकू घुबडाकडे गेल्या आणि बटण दाबून आल्या. त्यांचा चेहरा बघून मी पहारेकऱ्यामागे सरकले. पहारेकरी माझ्यामागे सरकू बघत होता.

"आख्खं आयुष्य त्यांचं नाव नाही घेतलंत," काकू म्हणाल्या, "ते चाललं असतं हो. आता घेतलंत आणि ते असं? त्या रेडिओवालीला का नाही वाचू देत? कशासाठी हा सगळा हट्ट?"

"आवाज राहायला हवा माझा."

"कशाला? गाणी गाता का तुम्ही?"

"आवाज इथे नाही राहिला तर मी इथे राहीन," जावईबापू म्हणाले. सुरी अजून हातात होती, ती त्यांनी भोपळ्यात खोचून ठेवली. "मला मी माहीत आहे. तू नेशील गावाला. मी येईन. आणि पहाटे उठून तुलाच विचारेन, कोल्ह्याने खाल्लं का, पाणमांजर वर आलं का. तू वैतागून मला परत पाठवशील. त्यापेक्षा माझं काहीतरी इथे ठेवून जातो. तेवढं उरलं की मी येतो. साहेबांना सांगितलंय ते विसर. चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं."

काकूंनी पडलेला डबा उचलला. साळिंदर मध्येच खुळखुळलं. जावईबापूंनी सवयीने मान खाली घातली.

"हे मला आधी सांगता आलं नाही?" काकू शेवटी म्हणाल्या.

"तू बोलत नव्हतीस."

"एमएला सांगायचं!"

आणि मग माझ्याकडे वळून, "एमए, ते यंत्र कुठे आहे? चल."

गोदामात काकू पेंढीवर बसल्या. केस नीट केले. इस्त्रीचा सदरा आठवून मी गप्प राहिले. जावईबापू भिंतीकडे तोंड करून, कानात बोटं घालून उभे राहिले.

"साळिंदर," मी म्हणाले.

"झुरपो," काकू म्हणाल्या.

तो शब्द मी तीन दिवस वाचत, कापत, चिकटवत होते. तो असा असतो, हे मला माहीत नव्हतं. ‘झुर’ घशातून निघालं आणि ‘पो’वर अलगद बसलं. काकू लहान झाल्यासारख्या वाटल्या. दाराबाहेर कुणी वाट बघत असल्यासारख्या हाक मारून थांबल्या.

जावईबापूंची बोटं कानात होती. पण अगदी आतपर्यंत नव्हती.

मग घुबड. मग कासव, चिंच, फणस. फणस किती छोटा शब्द निघाला. मग अजून राहिलेली झाडं घेतली. मी म्हणाले, "डाळिंब." काकू पटकन उठल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ती त्यांची आजेसासू. जावईबापू वळले, येऊन बसले, शब्द बोलले. पुढचं नाव काकूंकडचं. जावईबापू भिंतीकडे, काकू पेंढीवर. पुढचं पुन्हा त्यांच्याकडचं. दोघं इतक्या वेळा उठले, बसले आणि वळले की शेवटी दोघांना गरगरायला लागलं. मग पेंढीवरच एकमेकांना पाठ लावून बसले. ज्याची पाळी नसेल त्याने कान झाकायचे. एकाची भाषा जिथे संपत होती तिथून दुसऱ्याची सुरू होत होती. मध्ये फट नव्हती.

माझ्याकडे एकच डबी उरली. कार्यालयामागे एक झाड होतं. त्याला लहान पिवळी फळं यायची, खारींना फार आवडायची. आपल्या भाषेत त्याला नाव नाही. आम्ही ‘ते पिवळं’ म्हणायचो. प्राध्यापकांच्या शब्दसंग्रहात ते नव्हतंच.

"ते कार्यालयामागचं पिवळं," मी म्हणाले.



"काकू?"

काकूंनी नकारार्थी मान हलवली.

"काका?"

जावईबापू छताकडे बघत होते.

काकू त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. ते तुटकपणे काहीतरी म्हणाले. काकूंचा आवाज चढला. त्यांचाही. मला एक अक्षर कळत नव्हतं. पाठीला पाठ लावूनच भांडत होते. जावईबापूंनी हात उडवला, काकूंनी कोपराने त्यांना ढोसलं, आणि मग दोघंही हसायला लागले. पेंढी हलायला लागली. काकूंना उचकी लागली. त्या उचकीवर जावईबापू आणखी हसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"ते यांचं नाव आहे," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "मी म्हटलं, तुम्हीच सांगा. तर म्हणतात, स्वतःचं नाव स्वतः घेणारा माणूस फुशारकी मारतो. मी म्हटलं, आजवर काय कमी मारलीत? तर म्हणतात, तू घे. मी म्हटलं, मेले तरी नाही. तर म्हणतात, मेल्यावर कोण ऐकणार?"

"मग नाव?"

"नाही," जावईबापू म्हणाले.

"नाही," काकू म्हणाल्या. त्या दिवसात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं.

तेव्हा मी यंत्राकडे बघितलं. ते चालूच होतं.

दुपारी साहेब सगळ्या डब्या ऐकत फिरले. साळिंदरापाशी समाधानाने हुंकारले. शेवटी त्या पिवळ्यापाशी आले आणि बटण दाबलं. भांडण वाजलं, हसणं वाजलं, उचकी वाजली.

"यात नाव कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही, साहेब."

"मग हे काय आहे?"

मी सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. पुन्हा बटण दाबलं. उचकीपर्यंत थांबले. आणखी एकदा दाबलं.

"राहू दे," ते म्हणाले.

रविवारी सगळ्यात जास्त गर्दी त्या झाडापाशी होती. वाघ असता तरी एवढी झाली नसती. पुढच्या आठवड्यात डोंगराकडची एक म्हातारी नातवंडांना घेऊन आली. तिने ती डबी ऐकली, झाडाला धरून खदखदा हसली आणि नातवंडांकडे वळून एक छोटासा शब्द म्हणाली. नातवंडंही तो म्हणाली. पहारेकरी पळत माझ्याकडे आला.

"कळलं! काकांचं नाव कळलं!"

"काय?"

त्याने तोंड उघडलं. मग मिटलं.

"जाऊ दे," तो म्हणाला. "उगाच तोंडात बसायचं."

जावईबापू महिनाअखेरीला गेले. साळिंदराच्या पिंजऱ्यातून शेवटचे मागे मागे सरकत निघाले. काकू फाटकाशी उभ्या होत्या, गाठोडी घेऊन. बस सुटायची वेळ झाली तरी ते माकडाला काहीतरी सुनावत होते.

त्यांच्या जागी नवा माणूस आला. तो चपलांसकट सगळीकडे जातो. सकाळी मी कोल्ह्याच्या डबीचं बटण दाबते. कोल्हा एक डोळा उघडतो, डबीकडे बघतो, आणि उठतो. आळस देत, पण उठतो.

परवा त्यांचा फोन आला. गावात टेकडीवर चढलं की थोडा वेळ फोन लागतो.

"काय गं एमए? वाजतात का सगळ्या?"

"वाजतात, काका."

"कोल्हा उठतो?"

"उठतो."

मागून काकूंचा आवाज आला, "विचारलं का कोल्ह्याचं? मला माहीतच होतं!" मग जावईबापू हळूच म्हणाले, "ती शेवटची ऐकव ना. हिला खरं वाटत नाही की तिची उचकी तिथे लावलीय."

मी कार्यालयामागे गेले. फोन डबीपाशी धरला आणि बटण दाबलं. भांडण सुरू झालं. पहिल्या दोन वाक्यांपर्यंत पलीकडे शांतता होती. मग फोनमधून काकू काहीतरी म्हणाल्या. जावईबापूंनी तुटक उत्तर दिलं. काकूंचा आवाज चढला. डबीतला आधीच चढलेला होता. थोड्या वेळाने मला कळेना की फोनमधले कुठले आणि डबीतले कुठले. डबीतलं भांडण संपलं. फोनमधलं चालूच होतं.

मी फोन डबीवर ठेवला आणि बॅटरी बदलायला साळिंदराकडे गेले.